फुकटची शाळा आणि मामंजींचं तोंड

३ जानेवारी

शाळेची एक वही नगरपालिकेने दिली आहे. तीत हजेरी लिहायची, खडू किती उरले ते लिहायचं आणि फळा पुसला की नाही तेही लिहायचं. मनातलं लिहायला तिच्यात रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही. ही माझ्या पेटीत राहील.

गावातली पहिली फुकट शाळा सोमवारी उघडणार. फी नाही, पाटी-पेन्सिल शाळेची, मुलगा असो की मुलगी, कुणाचंही असो. जागा मिळाली आहे ती बंदराजवळच्या दोरखंडाच्या जुन्या कारखान्यात. इतकी लांब आणि इतकी अरुंद खोली मी जन्मात पाहिली नव्हती. पूर्वी कामगार एका टोकाला धागे बांधून पीळ देत देत उलट्या पावलांनी मागे जायचे, म्हणून खोली म्हणजे छप्पर घातलेली गल्लीच. भिंतीवर ओळीने लोखंडी हूक आहेत, ते दप्तरांना होतील. डांबराचा वास मात्र घासघासूनही जात नाही. मी दाराशी उभं राहून धडा सुरू केला तर शेवटच्या बाकावर तो दुसऱ्या दिवशी पोचेल.

वर माळ्यावर आमचं बिऱ्हाड. मी आणि मामंजी. हे गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना उरलो आहोत, आणि दोघांनाही त्याबद्दल तक्रार आहे.

नगरपालिकेची अट सरळ आहे. मे महिन्यात तपासनीस साहेब येणार. त्या दिवशी बाकांवर चाळीस मुलं दिसली आणि त्यांना वाचता आलं, तर शाळा कायम. नाहीतर इमारत मिठाच्या व्यापाऱ्याला गोदामासाठी. तो आजच येऊन खिडक्या मोजून गेला. शाळा गेली की माळाही गेला. मग या वयाच्या माणसाला घेऊन मी कुठे जाऊ? हा विचार मी झोपताना करत नाही, त्याच्यासाठी दिवस राखून ठेवला आहे.

६ जानेवारी

पाच आली. त्यातला एक नुसता चौकशीला आला होता.

"बाई, इथे फुकट काय मिळतं?"

"शिक्षण."

"आणि?"

"एवढंच."

तो गेला. म्हणजे चारच.

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले, चांगलं बोलले. बघायला लोकही जमले होते. आणि नेमके तेव्हाच मामंजी मोठ्याने म्हणाले, "बाकं मी केलीत, ती टिकतील. पण या गावातल्या पोरांच्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही. ते येरागबाळ्याचं काम नाही." अध्यक्षांचा चेहरा पडला. कोपऱ्यावरची धुणेवाली तिथेच उभी होती, तिने तर मामंजींकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पिळून वाळत घालते.

घरचा माणूसच असा, मग बाहेरच्यांना काय बोल लावायचा?

७ जानेवारी

सकाळी धुणेवाली आली. मुलीला दंडाला धरून आणलं आणि पुढच्या बाकावर आदळलं. "शिकवा हिला. बघतेच मी," म्हणाली आणि तरातरा निघून गेली. काल अध्यक्षांनी केलेलं भाषण तिच्या मनाला भिडलं असावं.

१५ जानेवारी

गेला आठवडाभर शाळा सुटली की मी वरच्या आळीत घरोघर जाते. गोड बोलते, शिक्षणाचे फायदे सांगते. लोक पाट देतात, पाणी देतात, मुलं देत नाहीत. "फुकट म्हणजे त्यात काहीतरी असणार," असं एकीने माझ्या तोंडावर सांगितलं. पलीकडच्या गल्लीत फी घेणारे मास्तर आहेत. ते सगळ्यांना सांगत सुटलेत की मोफत शाळा म्हणजे उष्ट्याचा कारभार.

पण प्रयत्न वाया जात नाहीत. आज गाडीवानाची दोन्ही मुलं आली. तो राहतो खालच्या आळीत, जिथे मी अजून गेलेच नाही, पण चांगली गोष्ट कानोकानी पोचतेच.

आणि मामंजी हे काय करून ठेवताहेत! काल ते त्याच गाडीवानाला भर रस्त्यात म्हणाले की तुझ्या पोरांआधी तुझा घोडा बाराखडी शिकेल. मला बेकरीवाल्याने सांगितलं. मी मेल्याहून मेली झाले. नशीब माझं, गाडीवानाने ते मनावर घेतलं नाही.

२ फेब्रुवारी

आज जेवताना पुन्हा कपाटाची गोष्ट ऐकली. शंभरदा ऐकली असेल. तरुणपणी मामंजींनी एक कपाट केलं होतं. ते स्वस्त ठेवलं तेव्हा लोक उघडझाप करून बघायचे, बिजागऱ्या हलवायचे, दोष काढून निघून जायचे. मग त्यांनी ते दुकानाच्या आत नेलं, वर कापड टाकलं, आणि विचारायला येईल त्याला म्हणायला लागले, "ते राहू द्या, ते तुमच्यासाठी नाही." दुपारच्या आत गेलं.

"बरं, भात वाढू का?" मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना आपल्या जुन्या गोष्टींशिवाय काय असतं?

मुलं वीसच्या वर गेली. मामंजींच्या तोंडाला कुलूप लागतं तर एव्हाना तीस झाली असती.

१९ फेब्रुवारी

नवीन तऱ्हा. मामंजी संध्याकाळी बंदराच्या कठड्यावर बसतात. तिथे कुणीतरी वर्तमानपत्र वाचत असतो, दहा जण ऐकत असतात, मामंजी मध्येमध्ये मान डोलावतात. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना अडवायला लागलेत. "शाळेत जातोस ना? मग ती पाटी वाच. तो फलक वाच. मोठ्याने, मला कमी ऐकू येतं." (कमी ऐकू येतं! माळ्यावर मी डब्याचं झाकण उघडलं तर यांना खाली कळतं.) पोर वाचतं. मामंजी म्हणतात, "चूक. पुन्हा." पोर आणखी ओरडून वाचतं. "चूक!"

धुणेवालीच्या मुलीने 'नांगर दुरुस्तीचे दुकान' अगदी बरोबर वाचलं, तरी चूक. तिची आई कमरेवर हात देऊन बाजूला उभी होती. मुलीने तिसऱ्यांदा वाचलं ते पलीकडच्या धक्क्यावर ऐकू गेलं म्हणे.

मी मामंजींना विचारलं, "बरोबर वाचलं तरी चूक का म्हणता? माझी मेहनत पाण्यात घालताय तुम्ही."

"उच्चार चुकला," म्हणाले.

कसला उच्चार? माणूस नुसता कुजकट झालाय. ह्यांच्या शिक्षणासाठी एवढ्या खस्ता खाल्लेला माणूस म्हातारपणी असा व्हावा, याचं वाईट वाटतं.

६ मार्च

आज कडेलोट झाला.

धडा चालू असताना होडीवाला आत घुसला, मुलाला बखोटीला धरून. सबंध वर्गासमोर मला म्हणाला, "तुमच्या सासऱ्याने माझ्या पोराला भोपळा म्हटलं! चार लोकांत! आमच्या सात पिढ्यांत कुणी शाळेत गेलं नाही म्हणून हाही जाणार नाही म्हणाला! बसवा ह्याला इथे!" मुलाला ढकललं, दार आपटलं, गेला. दाराची कडी निखळली.

संध्याकाळी मी मामंजींवर तुटून पडले. इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते तशी बोलले. "शाळा फुकट आहे मामंजी, माझी अब्रू फुकट नाही. मी एक-एक मूल गोळा करते आणि तुम्ही गावभर विष पेरत फिरता. तुमचं तोंड म्हणजे या शाळेला लागलेली वाळवी आहे!"

सुताराला वाळवी म्हटलं. तोंडातून गेल्यावर कळलं. पण मी शब्द मागे घेतला नाही, कारण तो खरा होता.

त्यांनी निखळलेली कडी बसवून दिली. मग पटाशी, रंधा, करवत पिशवीत भरली आणि म्हणाले, "मुलीकडे जाऊन येतो काही दिवस."

"या जाऊन," मी म्हटलं.

२० मार्च

घर शांत. शाळा शांत. कुणाची भांडणं नाहीत, तक्रारी नाहीत. सदतीस मुलं. आणखी तीनच हवी आहेत, आणि महिना-दीड महिना हातात आहे. वन्संचा निरोप आला की बाबा पोचले, ठीक आहेत. सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणवत नाही, पण मोकळं वाटतं.

९ एप्रिल

गाडीवानाची मुलं चार दिवस नाहीत. विचारायला गेले तर गाडीवान म्हणाला, "हो, पाठवतो की. घाई काय?" उन्हाळा आहे, मुलांना पाण्यात डुंबायचं असतं. त्यामुळे असेल.

२३ एप्रिल

अठरा. उन्हाळा दर वर्षी येतो, पण अर्धी शाळा घेऊन जात नाही. माझ्या शिकवण्यातच काही कमी पडतंय का? मुलं वाचतात, पण कशी? तोंडातल्या तोंडात, भिंतीला सांगितल्यासारखी. मागच्या बाकांवरचं मला इथे काही ऐकू येत नाही. आधी यायचं.

मिठाच्या व्यापाऱ्याने अंगणात रिकामी पोती आणून टाकली. "आत्ता नाही हो, नंतर लागतीलच," म्हणाला. मी ती एक-एक करून रस्त्यावर फेकली. हात सोलवटले, पण बरं वाटलं.

२ मे

आज धुणेवालीकडे गेले. तिची मुलगी येते, पण कधी येते, कधी नाही. ती दगडावर चादर आपटत होती. माझ्याकडे न बघताच विचारलं, "सुतारबाबा कधी येणार?"

"का?"

"का म्हणजे? माझी पोरगी आता सगळं वाचते. सगळं! ते त्या म्हाताऱ्याला ऐकवायचंय मला. त्याने हो म्हटल्याशिवाय मला झोप यायची नाही."

"ते कधी हो म्हणत नाहीत."

"म्हणून तर!" तिने चादर पिळली. "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण तुम्ही आलात, गोड बोललात, फुकट आहे म्हणालात. आम्हाला वाटलं, दया करताहेत. दया आम्हाला नको. म्हातारा म्हणाला, तुमच्या पोरांना झेपायचं नाही. मग म्हटलं, दाखवतेच! गाडीवानाचं तेच, होडीवाल्याचं तेच. तो रोज संध्याकाळी बसायचा, आमची पोरं रोज त्याच्यापुढे वाचायची, आणि आम्ही आजूबाजूला उभं राहून ऐकायचो. आता दाखवायचं कुणाला?"

मी तिथेच ओल्या दगडावर बसले. लुगडं भिजलं तेही उठेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

कपाट. शंभरदा ऐकलं होतं मी ते. शंभरदा!

५ मे

वन्संकडे जाऊन आले. मामंजी अंगणात वन्संच्या मुलांसाठी पाळणा ठोकत होते.

"मामंजी, तुम्ही ते सगळं मुद्दाम करत होता?"

"काय मुद्दाम? मी खरं तेच बोलतो. ती पोरं मठ्ठच आहेत."

"नऊ तारखेला साहेब येणार आहेत. घरी चला."

"शाळेला वाळवी कशाला नेतेस?"

मी हात जोडले. त्यांनी मान फिरवली आणि खिळा ठोकत राहिले, तोही वाकडा गेला. त्यांच्या हातून खिळा वाकडा गेलेला मी पहिल्यांदा पाहिला.

वन्सं मला निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "वहिनी, रागाने नाहीत गं ते. दुखावलेत. तू शिकलेली, तू म्हणालीस म्हणजे ते खरंच असणार असं त्यांना वाटतं."

एकटीच परत आले. रस्ताभर रडले. गाडीत समोर बसलेल्या बाईने मला पंखा दिला, तिला वाटलं मला उकडतंय.

९ मे

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सोळा मुलं. साहेब होडीतून उतरले, बरोबर अध्यक्ष, मागे मिठाचा व्यापारी, हातात मोजपट्टी. साहेब दारात उभे राहिले, ती लांबच लांब रिकामी बाकं पाहिली आणि हळू आवाजात म्हणाले, "हं." त्या एका 'हं'मध्ये माझा माळा, माझी चूल, सगळं गेलं.

तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा. मला वाटलं आग लागली.

गाडीवान. दोन्ही मुलांना दोन्ही काखेत मारून. "कुठाय तो म्हातारा? उजाडायच्या आत दारात येऊन म्हणतो, 'आज साहेब येणार, तुझी पोरं घरातच ठेव, गावाची लाज जाईल!' लाज? माझ्या पोरांमुळे?" त्याच्यामागे होडीवाला, पायाला किनाऱ्याचा चिखल तसाच. "मला म्हणाला, भोपळा वेलीवरच असू दे!" त्याच्यामागे बेकरीवाल्याची बायको, पिठाने भरलेल्या हातांनी मुलाचे केस बसवत. एका मुलाच्या कानात साबण तसाच होता. मग तर रीघच लागली. वरच्या आळीतलेही आले, ज्यांनी मला नुसता पाट आणि पाणी दिलं होतं. बाकं भरली, चाळीस कधीच मागे पडली, उरलेली मुलं खाली जमिनीवर बसली, आणि दोन्ही भिंतींना टेकून आईबाप उभे, सगळे लाल होऊन.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, हे पालक इतके संतापलेले का आहेत?"

"शिक्षणाची ओढ, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी स्वतःचं पुस्तक आणलं होतं, मुलांनी कधी न पाहिलेलं. ते दाराशी खुर्चीत बसले आणि पुस्तक शेवटच्या बाकापर्यंत पाठवलं. मी डोळे मिटले. त्या टोकाचा आवाज या टोकाला कधी पोचेल?

पोचला. होडीवाल्याचा मुलगा उभा राहिला आणि वाऱ्यात हाक मारावी तसा वाचायला लागला. एकेक शब्द दारापर्यंत आला. मग गाडीवानाचा धाकटा. मग धुणेवालीची मुलगी, ती तर पान उलटून पुढचंही वाचत गेली, साहेब पुरे म्हणाले तरी थांबेना. तिची आई भिंतीशी उभी होती, पदर तोंडात धरून. 

साहेबांनी पुस्तक मिटलं. अध्यक्षांना म्हणाले, "ही शाळा कायम करा. आणि त्या मागच्या भिंतीला आणखी एक खिडकी पाडा." मिठाच्या व्यापाऱ्याने मोजपट्टी गुंडाळली.

मी मामंजींना शोधत मागच्या दाराला गेले. ते पायरीवर बसले होते. वहाणा काढलेल्या, पाय सुजलेले. अंधारातच निघून एवढी वाट चालत आले होते, आणि आल्या आल्या दोन्ही आळ्या पालथ्या घातल्या होत्या.

"आत चला, मामंजी."

"गर्दी आहे. मी इथेच बरा. काय म्हणाला तो?"

"कायम."

ते पाय चोळत राहिले. मी खालच्या पायरीवर बसले. "मी तुम्हाला वाळवी म्हटलं."

"वाळवी लाकूड खाते. मी काय खाल्लं?"

"माझं डोकं."

ते हसले, मीही हसले, आणि मग मला हुंदका आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुरे सूनबाई, आत साहेब आहे."

११ मे

आज शाळा सुटल्यावर धुणेवालीची मुलगी रेंगाळली. "बाई, आजोबा आले. आता संध्याकाळी पुन्हा फलक वाचायचे ना?"

मी म्हटलं, "बरोबर वाचलं तरी ते चूक म्हणतात. तुला राग नाही येत?"

तिने आजूबाजूला पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्यांना वाचता येत नाही, बाई."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी एकदा 'मीठ' असं लिहिलेलं मुद्दाम 'साखर' वाचलं. चूक म्हणाले. मग 'मीठ' वाचलं. तरी चूक. कुठलं अक्षर चुकलं विचारलं, तर भलत्याच अक्षरावर बोट ठेवलं. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण मोठ्या माणसांना सांगायचं नाही असं ठरलंय आमचं."

"का गं?"

"त्यांना वाईट वाटेल. मग ते बसायचेच नाहीत. आणि आमचं तेवढं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे?"

ती उड्या मारत गेली. 

रंधा मारून मारून या माणसाने ह्यांची फी भरली. ह्यांनी मला शिकवलं, त्याच घरात, ह्याच माणसासमोर, संध्याकाळी दिव्याजवळ. मामंजी कोपऱ्यात करवतीला धार लावत बसायचे. तुम्हालाही शिकायचंय का, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. गावातल्या प्रत्येक दारात जाऊन विचारून आले, आणि माळ्यावर राहणाऱ्या माणसाला विचारलं नाही. मला माझी फार लाज वाटली. आणि त्या मुलांचा इतका अभिमान वाटला की आजवर कुणाचाच वाटला नसेल.

१२ मे

मामंजी सकाळपासून खाली होते, डुगडुगणारं बाक नीट करत. मुलं येऊन बसायला लागली होती. मी रात्रभर ठरवलेलं सगळं छान बोलणं विसरले.

"मामंजी," मी म्हटलं, "साहेब त्या दिवशी विचारत होते, मोठ्या माणसांनाही शिकवाल का? मी सांगितलं, इतरांचं बघू. पण आमच्या मामंजींना या वयात नाही झेपायचं."

हातोडी थांबली. मुलांपैकी कुणी हसलं नाही, कुणी माझ्याकडे बघितलंही नाही, प्रत्येक जण आपापल्या पाटीत डोकं घालून.

"काय नाही झेपायचं?"

"काही नाही. राहू द्या. ते तुमच्यासाठी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. माझी लबाडी त्यांना कळणारच होती, ती मी त्यांच्याकडूनच शिकले होते. वाटलं, आता पिशवी भरतील आणि पुन्हा निघून जातील.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. पुढच्या बाकापाशी गेले आणि धुणेवालीच्या मुलीला म्हणाले, "सरक जरा."

ती सरकली.